सव्वा लाखाची मूठ

“लिहा, वहिनी,” भाऊजी म्हणाले, “अंधारात पडलेली सुई ज्याच्या हाताला आपणहून लागते, खोटं बोलणाऱ्याच्या कपाळावरची आठी जो छापील मजकुरासारखी वाचतो, ज्याच्या नुसत्या खाकरण्याने भल्याभल्या गुन्हेगारांची बोबडी वळते, असा एक पुरुष ह्या शहरात आहे. तो कोण, हे सांगायला त्याचा विनय आड येतो.”

मग विनयाला जरा बाजूला सारून त्यांनी खाली स्वतःचं नाव घालायला लावलं, आणि त्याखाली दोन रेघा.

मी लिहिलं. वही माझ्या मुलीची होती. तिच्या पुढच्या पानांवर कितीला दूध प्यायली, किती झोपली, शी कितीला झाली आणि कोणत्या रंगाची, ह्या माझ्या नोंदी असतात. शेवटच्या पानापासून उलटीकडे भाऊजींची प्रकरणं येतात. मुलगी दहा महिन्यांची आहे. एक दिवस दोन्हीकडच्या नोंदी मधल्या पानावर एकमेकींना भिडतील, आणि कोणती कोणाची हे वाचून ओळखता येणार नाही, ही भीती मला अधूनमधून वाटते.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. दिवसा ते विमा कंपनीत दाव्यांच्या कागदांवर शिक्के मारतात. काही वर्षांपूर्वी एका माणसाने चोरीला गेली म्हणून दावा केलेली सायकल त्यांनी त्याच माणसाच्या जिन्याखाली शोधून काढली. म्हणजे त्यांचा पाय तिच्या चाकात अडकला आणि ते पडले. उठले ते गुप्तहेर होऊनच. तेव्हापासून घरातला एकही मोजा त्यांच्या तपासाशिवाय सापडलेला नाही; तपास चालू असताना मात्र कधीच सापडत नाही.

त्या शनिवारचं प्रकरण होतं चोकच्या मुठीचं.

आधी गाडीबद्दल सांगायला हवं. माझ्या नवऱ्याची एक गाडी आहे. चाकं आहेत म्हणून गाडी म्हणायचं. वयाने ती माझ्या सासूबाईंपेक्षा दोन वर्षांनी मोठी, आणि सासूबाई अजून जिना चढतात. नवऱ्याने ती लग्नाआधी घेतली. सात वर्षांत ती आपल्या बळावर तीनदा फाटकापर्यंत गेली आणि तिन्ही वेळा चार माणसांच्या खांद्यांवर... नको, तसं म्हणू नये. चार माणसांच्या रेट्याने परत आली. तिचा जन्मदिनांक नवऱ्याला पाठ आहे. मुलीच्या लसीची तारीख मला दाराला चिकटवून ठेवावी लागते.

“आता अशा गाड्या बनत नाहीत,” असं तो दर आठवड्याला म्हणतो. त्याला काहीतरी कारण असेल, असं मी दर आठवड्याला म्हणते. आमचा संसार तसा समजुतीचा आहे.

मला खरं नवल वाटतं ते बघायला येणाऱ्यांचं. अनोळखी माणसं दारात येतात, चपला काढू का विचारतात आणि गाडीपाशी अत्यवस्थ रुग्णाला भेटायला आल्यासारखी हात बांधून उभी राहतात. एक गृहस्थ तर पुढच्या दिव्यावर तळहात ठेवून रडले. त्यांना घरी चार मुलं आहेत असं नंतर कळलं. चौघांपैकी कुणाच्या कपाळावर त्यांनी असा हात ठेवला असेल का, ही शंका मी मनातच ठेवली, कारण नवराही डोळे पुसत होता.

गॅरेजमध्ये ओल आहे म्हणून गाडीचे अवयव आमच्या स्वयंपाकघरात राहतात. चमच्यांच्या स्टँडमध्ये स्पार्क प्लग असतात, फळांच्या टोपलीत चाकांच्या टोप्या. एकदा पाहुण्यांना मी चहाबरोबर एक गाळणी दिली ती कार्बोरेटरची निघाली. चहा उत्तम गाळला गेला, पण पाहुणे परत आले नाहीत.

रविवारी जुन्या गाड्यांचा मेळावा होता. तिथे परीक्षक भिंग घेऊन हिंडतात आणि गाडीतला प्रत्येक भाग जन्मापासूनचा आहे की नंतर बसवलेला, ते सांगतात. गाडी चालते का, हे विचारायचा तिथे रिवाज नाही. आमच्या गाडीत एकाच गोष्टीची उणीव होती: चोक ओढायच्या तारेच्या टोकाला असते ती मूठ. दोन वर्षं गावोगावच्या भंगारवाल्यांना पत्रं लिहून लिहून नवऱ्याने ती मिळवली होती. हस्तिदंती रंगाची, गोल, सुपारीएवढी, आत पितळी आटे. शुक्रवारी संध्याकाळी त्याने ती पुसून स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवली. शनिवारी सकाळी पावणेनऊला ती तिथे नव्हती.

नवरा कपाळाला हात लावून खाली बसला. भाऊजींनी कामावर रजा कळवली. आणि मी टेबलाखाली रांगणाऱ्या माझ्या मुलीकडे पाहिलं.

तिला आम्ही ठकी म्हणतो. ठकी जग तोंडाने वाचते. वर्तमानपत्राचा एक कोपरा खाली लोंबत होता आणि तो ओला होता, चघळलेला. गाडीवाल्यांच्या भाषेत चोक म्हणजे थंड इंजिन जागं करायचा उपाय. माझ्या भाषेत चोक म्हणजे काय, हे मला उच्चारवत नव्हतं.

मी तिच्या तोंडात बोट फिरवलं. चार दात आणि कागदाचा लगदा, बाकी काही नाही. डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी शांतपणे विचारलं, श्वास नीट आहे का, खेळते का, दूध जातं का. सगळ्याला हो म्हणाले. “मग घाबरू नका. तोवर घर शोधा,” त्या म्हणाल्या. “सापडली नाही तर साडेचारला घेऊन या, पोटाचा फोटो काढू. त्याआधी जरा जरी खोकली किंवा लाळ गळायला लागली, तर तडक निघा.”

हे मी नवऱ्याला सांगितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. क्षणभर मला बरं वाटलं. मग तो म्हणाला, “दात तर नाही ना लावले तिने?”

मी वहीत लिहिलं: ९.१०, श्वास ठीक. त्याच्याबद्दल काही लिहिलं नाही. मुलगी मोठी झाल्यावर ती वही वाचणार आहे.

भाऊजींना ठकीचा सिद्धान्त मुळीच पसंत पडला नाही. गुन्हेगाराला चालता येत नसेल तर तपास फार लवकर संपतो, हे त्याचं कारण. “आणि समजा असेलच पोटात,” ते म्हणाले, “तर तो पुरावा आहे. बाहेर आला की धुऊ नका.”

पहिली साक्ष सासूबाईंची झाली. त्या गच्चीत दुपटी वाळत घालत होत्या. बत्तीस वर्षं टेलिफोन ऑफिसात काढल्यामुळे त्या बोलायचं तेवढंच बोलतात आणि तीन मिनिटांत थांबतात. भाऊजी वर गेले, खाकरले, आणि आले ते जिन्याच्या दोन दोन पायऱ्या उतरत.

“लिहा. मी विचारलं, आई, मुठीबद्दल तुला काय माहीत आहे? त्यावर साक्षीदार एकच वाक्य बोलली.” त्यांनी आवाज खाली आणला. “झाकली मूठ सव्वा लाखाची.”

मी म्हटलं, आई असं म्हणाल्या? सासूबाई म्हणी वापरत नाहीत. त्यांना मीठ हवं असेल तर त्या मीठ म्हणतात.

“तोंडात कपड्यांचे चिमटे होते, तरी म्हणाली,” भाऊजी म्हणाले, “ह्यावरूनच तिची कळकळ दिसते.” मग त्यांनी त्या एका वाक्यातून तीन निष्कर्ष पिळून काढले. आईला चोर माहीत आहे. घराण्याच्या अब्रूपायी ती गप्प आहे. आणि मुठीची बाजारातली किंमत सव्वा लाख आहे. तिसरा निष्कर्ष ऐकून नवरा भिंतीला टेकला. त्याने ती जुन्या बाजारातल्या एका भंगारवाल्याकडून दोन जुन्या टायरांच्या बदल्यात घेतली होती.

दुसरा संशयित समोरचा पोपटीवाला. त्याचीही गाडी आहे, पण वेगळ्या पंथाची. नवरा गाडीत काही बदललं तर आजारी पडतो. पोपटीवाला काही न बदलता राहिला तर. एक साधी, सरळमार्गी, ऑफिसला नेऊन आणणारी गाडी त्याने घेतली, तिला पोपटी रंग दिला, बाजूंना ज्वाळा काढल्या आणि तिचं पोट जमिनीपासून चार बोटांवर आणलं. आता रस्त्यातला गतिरोधक आला की आतल्यांना उतरून पलीकडे चालत जावं लागतं. दारं पंखांसारखी वर उघडतात, आणि त्याच्या पार्किंगचं छत खाली आहे. त्यामुळे तो मागच्या काचेतून बाहेर येतो. ह्या सगळ्याला तो व्यक्तिमत्त्व म्हणतो. गाडी सुरू केली की ठकी झोपेतून दचकून उठते. वहीत त्याच्या नावावर एकशे सहा नोंदी आहेत.

भाऊजींनी त्याला मागच्या काचेत अर्धा बाहेर, अर्धा आत असतानाच गाठलं. मी ठकीला कडेवर घेऊन वहीसकट मागे उभी होते.

“स्पष्ट विचारतो,” भाऊजी म्हणाले. “मूठ तुम्ही मारलीत का?”

पोपटीवाल्याचा चेहरा त्याच्या गाडीच्या रंगाचा झाला. आपण शिकलेले आहोत, असले करणी-भानामतीचे प्रकार आपण मानत नाही, आणि कोणी आजारी असेल तर डॉक्टरकडे न्या, असं तो म्हणाला. भाऊजींनी ह्यातला ‘करणी’ हा शब्द कबुली म्हणून टिपून घ्यायला सांगितला. मग मी मध्ये पडून गाडीची मूठ आहे, चोकची, जुनी, असं सांगितलं, तेव्हा तो आणखीनच दुखावला.

“वहिनी, जुनी वस्तू? माझ्या गाडीत?” त्याने मला आत बोट करून दाखवलं. गिअरच्या दांड्यावर लाल डोळ्यांची कवटी होती. “इंजिन सोडलं तर ह्यात काही जुनं नाही.”

त्याच्यावर माझा विश्वास बसला. ज्याने ती कवटी दुकानातून पैसे देऊन, पिशवीत घालून, उजळ माथ्याने घरी आणली, त्या माणसाला चोरून काही नेण्याची गरज नसते.

११.२५, दूध प्यायली, सगळं. १२.४०, शी. तपासली. नाही.

दुपारी मिस्त्री आला. सात वर्षं हाच माणूस आमची गाडी दुरुस्त करतो आणि अजून त्याच्या चेहऱ्यावर घाईचा लवलेश नाही. भाऊजींचा तर्क असा की गाडी पूर्ण झाली तर मिस्त्रीच्या पोटावर पाय येतो, म्हणून मूठ त्यानेच दडवली. मिस्त्री गाडीखाली आडवा होता. त्याने विचारलं, काय हरवलंय. नवऱ्याने सांगितलं. “हां, ती सुपारी,” मिस्त्री खालून म्हणाला.

“सुपारी कोणी दिली?” भाऊजींनी झडप घातली.

“कोणाला?”

“तुला.”

मिस्त्रीने आपण तंबाखू खातो, सुपारी खात नाही, असं सांगितलं. मूठ गेल्याने गाडी रखडेल आणि त्याचा फायदा होईल, हे खरं की नाही, ह्यावर त्याने डोकं बाहेर काढून भाऊजींना नीट पाहून घेतलं. “साहेब, ही रखडायला मुठीसाठी कशाला थांबेल?” तो म्हणाला. “आणि सुरू झाली, तर मीच पहिला पळेन.”

तीन वाजता भाऊजींनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं. सासूबाई दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. नवरा खिडकीशी, मिस्त्री दाराशी. पोपटीवालाही आला होता, आपलं नाव निर्दोषांच्या यादीत लिहिलं का, ते बघायला. ठकी माझ्या मांडीवर होती आणि मी तिच्या श्वासांची मोजदाद करत होते.

भाऊजी दोनदा खाकरले. कोणाचीही बोबडी वळली नाही. ते म्हणाले, गुन्हेगार ह्याच खोलीत आहे. त्याला चोरीतून काही मिळवायचं नव्हतं. त्याला सूड घ्यायचा होता. सात वर्षं ज्या व्यक्तीने ह्या गाडीला टोमणे मारले, जिने तिला एकदा भंगार आणि एकदा म्हातारी म्हटलं, जिच्या दृष्टीने ही गाडी म्हणजे साक्षात सवत आहे...

“मी,” मी म्हटलं. त्यांना फार वेळ लागत होता.

“वहिनी, मला वाईट वाटतं,” भाऊजी म्हणाले. “पण कर्तव्य.” आणि कबुलीसाठी त्यांनी माझी वही माझ्याच पुढे केली.

त्याच वेळी ठकीला उचकी लागली. एक. मग दुसरी. मी तिला उभी धरली, पाठ चोळली, कान तिच्या छातीला लावला. तिसरी उचकी आली आणि ती हसली.

मी म्हटलं, “सवत असती तर तिने एखाद्या दिवशी तरी पोर सांभाळली असती. मूठ कोणाला सापडो, न सापडो. साडेचारला मी दवाखान्यात असेन. ज्याला यायचं त्याने यावं.”

नवरा उठला. पहिल्यांदाच त्या दिवशी त्याने गाडीकडे न बघता ठकीकडे बघितलं, आणि तिचा पाय हातात धरून तसाच उभा राहिला. मग म्हणाला, मी गाडी काढतो. सवयीने म्हणाला बिचारा. मिस्त्रीने जाऊन चोकची उघडी तार पक्कडीने ओढली. गाडी दोनदा खोकली, एकदा शिंकली, आणि डॉक्टरकडे खरं म्हणजे तिला न्यायला हवं अशा आवाजात गप्प झाली. पोपटीवाल्याने आपली काढायची तयारी दाखवली, पण वाटेत अकरा गतिरोधक होते. मी भाड्याच्या गाडीला फोन केला. पंधरा मिनिटं, ड्रायव्हर म्हणाला.

दवाखान्यात थांबावं लागलं तर बरोबर असावं म्हणून मी दूध तापवायला ठेवलं. ठकी कडेवर. एका हाताने पिशवी भरत होते: दुपटं, टोपी, वही. ठकी माझ्या खांद्यावरून गॅसकडे झुकली आणि म्हणाली, “दे.”

हा तिचा एकुलता एक शब्द आहे. मी तिला मागे ओढलं. वाफेचा चटका बसेल म्हणून. ती परत झुकली. “दे. दे.”

मी पाहिलं. दुधाच्या पातेल्यावर झाकण होतं. झाकणावर मूठ होती. हस्तिदंती, गोल, सुपारीएवढी.

सव्वा महिना त्या झाकणाला मूठ नव्हती. सव्वा महिना मी ते सांडशीने उचलत होते आणि रोज बोट भाजून घेत होते. आज सकाळी सातला मी ते हाताने उचललं होतं. अकराला परत. दुपारच्या चहाला भाऊजींनी उचललं होतं, नवऱ्याने उचललं होतं. मी स्वतःला फार सावध बाई समजते. पण रांगत्या मुलाची आई दिवसभर जमिनीकडे बघत असते. वर बघायची सवड घरात एकट्या ठकीला होती.

मी ओरडले नाही. गॅस बंद केला, ठकीला घेऊन फरशीवर बसले आणि तिच्या पोटाला तोंड लावून बराच वेळ तशीच राहिले. तिला गुदगुल्या होत होत्या. मग वही काढून लिहिलं: ४.०७, पोटात नाही. डॉक्टरीणबाईंना कळवलं. भाड्याची गाडी नको म्हणून सांगितलं.

सगळे स्वयंपाकघरात जमले तेव्हा सासूबाईंनाच कळेना की एवढी गर्दी कशाला. “झाकणाची मूठ आहे ती,” त्या म्हणाल्या. “ह्याला सव्वा महिना सांगत होते, आणून दे. काल टेबलावर दिसली. वाटलं, आणली एकदाची. लावून टाकली.”

“पण आई,” भाऊजी म्हणाले, “सकाळी तर तू म्हण सांगितलीस.”

“कसली म्हण? तू मुठीचं विचारलंस. मी म्हटलं, झाकणाची मूठ, सव्वा महिन्याने लागली.”

मिस्त्री तोंडावर हात ठेवून बाहेर गेला. भाऊजींनी मला वही उघडायला लावली. “एकूण काय,” ते शेवटी म्हणाले, “अपराधी घरातलाच, हे मी तीन वाजताच सांगितलं होतं.”

पुढे अडचण अशी झाली की मूठ निघेना. सासूबाईंनी स्क्रूला दोरा गुंडाळून, वर तो घट्ट चिकटवणारा डिंक लावून ती बसवली होती. त्यांचं काम पक्कं असतं. नवऱ्याने पक्कड उचलली तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं की खरवडलीस तर ना इकडची राहील ना तिकडची. शिवाय ती मूठ तापत नाही, हात भाजत नाही. सात वर्षांत त्या गाडीचा पहिलाच भाग घरात काहीतरी उपयोगाचा निघाला होता. तो परत द्यायला मीही तयार नव्हते.

मग नवरा गेला भांड्यांच्या दुकानात. सव्वा महिना जे जमलं नाही ते अर्ध्या तासात जमलं. झाकणाची मूठ, पांढरी, प्लास्टिकची, पुठ्ठ्यावर तीनचा संच. एक त्याने कोऱ्या चहात तासभर बुडवली. चांगली हस्तिदंती झाली. ती चोकच्या तारेला बसवायचं काम मी मागून घेतलं. नवरा भारावला. मलाही शेवटी त्या गाडीचं वेड लागलं, असं त्याला वाटलं असावं.

रविवारी गाडी टेम्पोवर चढून मेळाव्याला गेली. तिथे एका ओळीत चाळीस म्हाताऱ्या उभ्या होत्या आणि त्यांच्याभोवती चारशे मोठी माणसं लहान आवाजात बोलत होती. वरिष्ठ परीक्षक आमच्या गाडीत डोकं घालून बराच वेळ भिंगातून बघत राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांचा चष्मा धुरकटला होता.

“ही मूठ,” ते म्हणाले, “हा रंग. हा गोलावा. आता अशा बनत नाहीत.”

अस्सलपणाचं दुसरं बक्षीस आम्हाला मिळालं. पोपटीवाला मुद्दाम आला होता. तोही मुठीपुढे हात बांधून उभा राहिला. भाऊजींनी फोटोत गाडीच्या बाजूला उभं राहून घेतलं, प्रकरण उलगडणारा म्हणून. परीक्षकांनी कौतुकाने विचारलं, इतकी घट्ट कशी बसली आहे हो. जुन्या काळचं काम, नवरा म्हणाला.

तेवढ्यात माझ्या कडेवरची ठकी खिडकीतून आत झुकली आणि तिने ती मूठ आख्खी तोंडात घातली. परीक्षक, नवरा, भाऊजी, पोपटीवाला, चारशे माणसं एकदम ओरडली.

मी नाही ओरडले. तिला जरा आणखी पुढे धरलं, चाखू दे म्हणून. दोरा मी माझ्या हाताने तीन पदरी गुंडाळला होता, आणि डिंक सासूबाईंकडून मागून घेतला होता.